यवतेश्वरच्या उतारासाठी घरगुती ब्रेक

सोमवार, ८ सप्टेंबर. सकाळी ७.१०

राजवाड्याच्या उतारावर मागचा ब्रेक लागला नाही. म्हणजे लागला, पण मी ठरवले होते तिथे नाही, चार पावले पुढे. पुढचाही संशयास्पद. घरी येऊन दोन्हींची रबरे काढली व व्हर्नियरने मोजली. मागचे डावे ६.४ मिलिमीटर, उजवे ५.१. एकाच पाकिटातली जोडी. असल्या मालावर भरवसा ठेवून लोक घाट उतरतात आणि संध्याकाळी सुखाने जेवतात.

चहाच्या वेळी विनोदिनीने विषय काढला. सकाळची सायकलवाली मंडळी दसऱ्याला यवतेश्वरला जाणार आहेत. सोने वरतीच वाटायचे आहे. म्हणाली, "या वर्षी माझ्याबरोबर चला." ब्रेकची स्थिती तिच्या नजरेस आणून दिली. ती म्हणाली, बिरदेवच्या दुकानात दहा मिनिटांचे काम आहे. मी म्हणालो, दहा मिनिटांत होणारे काम दहा मिनिटांच्याच लायकीचे असते. तिने कप विसळला. "पंधरा ऑगस्टला तुमची सीट चुकीच्या उंचीवर होती. गौरी गेल्यावर चेन. आता ब्रेक. दसऱ्याला आलात तर मला बरं वाटेल. नाही आलात तर मी पुन्हा विचारणार नाही."

स्वर शांत होता. तेव्हा प्रकरण गंभीर नसावे.

आजपासून पितृपक्ष. या पंधरवड्यात नवी वस्तू विकत घ्यायची नाही, हा नियम तिच्या वाईच्या माहेरचा. मी असले नियम मानत नाही; परंतु या खेपेस तो माझ्या निष्कर्षाशी जुळतो, म्हणून पाळणार आहे. विकत घेणार नाही. बनवीन. ज्याने घर्षणावर दोनशे अठरा पानांचा प्रबंध लिहिला, त्याने पुठ्ठ्याच्या पाकिटातले रबर का घ्यावे?

मोटारीचा ब्रेक पॅड दीड टन वजन थांबवतो. माझे व सायकलीचे मिळून ब्याण्णव किलो. सुरक्षिततेचा गुणक सोळाच्या वर. बाजारातल्या एकाही माणसाला हे सुचले नाही.

मंगळवार, ९ सप्टेंबर

हायवेलगत नाथाजीचे भंगाराचे दुकान. जुन्या मोटारीचे ब्रेक पॅड हवेत, झीज तीस टक्क्यांच्या आत, असे स्पष्ट सांगितले. नाथाजीने विचारले, "कंच्या गाडीला?" सायकलीला, म्हणालो. त्याने हातातला तराजू खाली ठेवला. मग आतल्या माणसाला हाक मारून म्हणाला, "आरं, सरांच्या सायकलला मोटारीचं ब्रेक पायजेत. एअरबॅग हाय का बघ एकांदी."

अज्ञानाला उत्तर देणे माझ्या स्वभावात नाही. तरी वीस मिनिटे ते दिले. शेवटी तो म्हणाला, "सर, तुमी घिऊनच जावा. पर परत आणू नगा."

निवडायला दोन तास. सहा पॅड पसंत केले.

गुरुवार, ११ सप्टेंबर. दुपारी

कापणी सुरू. पदार्थ अपेक्षेपेक्षा कठीण. हॅक्सॉची तीन पाती तुटली. पात्यांचा दर्जा. जुन्या पॅडांच्या धुळीत काय काय असते ते मला ठाऊक असल्याने सर्व कापणी पाण्याखाली, टबात. तोंडाला मास्क, डोळ्यांना पोहण्याचा चष्मा, अंगावर रेनकोट. विनोदिनी कपडे वाळत घालायला अंगणात आली, मला पाहिले आणि कपडे घेऊन तशीच आत गेली.

टब तिचा होता, हे नंतर कळले.

शनिवार, १३ सप्टेंबर. सांगली

पहाटेच्या एस.टी.ने सांगली गाठली. जिथे एकतीस वर्षे शिकवले त्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये घर्षण मोजण्याचे यंत्र आहे. ते मागवण्यासाठी मीच सात वर्षे पत्रव्यवहार केला होता. व्हरांड्यात दोन जुने सहकारी दिसले. मला पाहताच दोघांनाही काही तातडीचे काम आठवले. वेळेचे मोल त्यांना माझ्याच सहवासात कळले असावे.

वर्कशॉप आता विश्वजीतकडे आहे, माझा विद्यार्थी. खुर्चीवरून उठला, वाकून नमस्कार केला, चहा मागवला. इथपर्यंत उत्तम. मग तुकडे हातात घेऊन म्हणाला, "सर, मोटारीचं पॅड तापल्यावर धरतं. सायकलच्या रिमवर ते तापणारच नाही. त्यातून हे कडक. सायकलला मऊ रबरच बरं नाही का?" मी त्याला तिथेच थांबवले. ज्याला यंत्रशास्त्रात एक्केचाळीस गुण होते त्याने मला मऊ आणि कडक शिकवू नये, इतकेच सौम्य शब्दांत सांगितले.

"बेचाळीस होते, सर," तो म्हणाला.

यंत्र परीक्षेसाठी अडकलेले. ग्राइंडर तासभर मिळाला. चार तुकडे ५० बाय १० बाय १२. फरक कुठेही दशांश एक मिलिमीटरहून जास्त नाही. असे काम त्या वर्कशॉपने मी निवृत्त झाल्यापासून पाहिले नसणार. विश्वजीत मान्य करीत होता. निदान मान हलवत होता.

विनोदिनीसाठी भडंग घेतला. परतीच्या एस.टी.चे ब्रेक कऱ्हाडपर्यंत करकरत होते. लायनर बदलायला झाले आहेत, असे ड्रायव्हरला सांगितले. तो म्हणाला, "डेपोत सांगा."

बुधवार, १७ सप्टेंबर

तुकडे लोखंडी पट्टीला अ‍ॅराल्डाइटने चिकटवले. पहिल्याच फेरीत डावा मागचा तुकडा सुटला व गटारात गेला. चिकटवणे ही मुळात अशास्त्रीय पद्धत. रिव्हेट मारले. नवा तुकडा घडवला. दोन दिवस गेले.

आजची चाचणी: शाहूपुरी ते पोवई नाका. ब्रेक लागतो. मात्र लागताना आवाज येतो. आवाजाचे वर्णन कठीण आहे. चौकातल्या एका बाईने कडेवरचे मूल घट्ट धरले.

बिरदेव दुकानातून बाहेर आला. मूळचा जतकडचा, सायकलदुरुस्तीचे दुकान टाकून इथे बारा वर्षे झाली, तोही सकाळच्या मंडळींत आहे. म्हणाला, "सर, कुणी कुणाला मारतंय का काय म्हून भाईर आलो." मग वाकून रिमवरून नख फिरवले. "आवं, ह्ये ब्रेक न्हाई, कानस हाय. रिम खातंय बगा. बसा हितं, चा येईस्तोवर रबर घालून देतो."

रिमवर आलेले चरे ही पृष्ठभागाची प्रारंभिक जुळणी असते, हे त्याला समजावले. तो म्हणाला, "बरं. लय जुळू देऊ नगा."

रविवार, २१ सप्टेंबर. सकाळी ९.३०

विनोदिनी आत्ता परतली. जूनमध्ये आमच्या लेकीची, श्रद्धाची, जुनी सायकल काढून तिने हे सुरू केले, तेव्हा पंधरा दिवसांत कंटाळेल असे मी लिहून ठेवले होते. (पान सापडत नाही.) आता यवतेश्वरचा चढ सायकलीवरून न उतरता चढते म्हणे. गाल लाल, बोलणे मोठ्याने, पाण्याचा तांब्या उभ्यानेच प्यायली. एकसष्टाव्या वर्षी हे बरे नव्हे. पाहायला मात्र बरे दिसत होते.

मंडळींच्या प्रमुख संयोगिताबाई. बँकेच्या मॅनेजर होत्या, अजूनही तशाच बोलतात. त्यांनी माझी चौकशी केली म्हणे. काय म्हणाल्या, असे विचारले. विनोदिनी म्हणाली, "म्हणाल्या, तुमचे मिस्टर अजून करताहेत का?"

"काय करताहेत?"

"तेवढंच विचारलं त्यांनी."

दसऱ्याला अकरा दिवस. वेळ भरपूर आहे. घाई ही अर्धवट शिकलेल्यांची सोय.

शुक्रवार, २६ सप्टेंबर. सकाळी ११ व पुन्हा १२.१५

चौथी आवृत्ती. पुढचे टोक रिमकडे दोन अंश वळवले. आवाज बंद. संपूर्ण बंद. चौकातून तीनदा गेलो; कोणीही वळून पाहिले नाही. यश.

थांबण्याचे अंतर मोजले, खडूच्या खुणा करून. माझे पॅड: ११.२ मीटर. तुलनेसाठी विनोदिनीच्या सायकलीवरचे बाजारचे रबर (तिला विचारले नाही, शास्त्रीय कारण): ३.१ मीटर.

१२.१५. आकडे पुन्हा तपासले. तिची सायकल हलकी. माझे टायर रुंद. सकाळी वारा मागून होता. या तिन्हींची दुरुस्ती केल्यावर माझे खरे अंतर ६.८ येते. उरलेला फरक पॅड रुळल्यावर जाईल. रुळायला उतार हवा, उतार यवतेश्वरला आहे, आणि यवतेश्वर दसऱ्याला. सर्व गोष्टी आपोआप जुळून येत आहेत.

विनोदिनीने जेवताना विचारले, "मग येताय ना?" मी आकडे सांगितले. ती म्हणाली, "हो की नाही?" हो, म्हणालो. तिने माझ्या पानात न मागता दुसऱ्यांदा श्रीखंड वाढले. शर्करेबाबत डॉक्टरांनी सांगितलेले तिला माहीत आहे. तरीही.

बुधवार, १ ऑक्टोबर. खंडेनवमी

हत्यारांची पूजा. माझा यावर विश्वास नाही. पण करायचेच असेल तर नीट करावे. विनोदिनीने ताम्हनात एक पाना, एक पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हर ठेवून हळदीकुंकू वाहायला घेतले होते. इतर अठ्ठावीस हत्यारे खोक्यातच. ही कसली पूजा? सगळी काढली. घासून धुतली. आमच्या घरी वडील प्रत्येक हत्याराला तिळाचे तेल लावीत. त्यामागे गंज न चढण्याचे शुद्ध शास्त्र आहे, तिच्या माहेरी मात्र नुसती बोटे टेकवतात. सढळ हाताने तेल लावले.

या वर्षीची खरी निर्मिती म्हणजे पॅड. ते सायकलीवर राहून कसे चालेल? चारही काढून ताम्हनात मधोमध ठेवले. विनोदिनी म्हणाली, "ते असू देत की सायकललाच. सायकलला वाहते मी कुंकू." अर्धवट गोष्टी मला चालत नाहीत, हे तिला छत्तीस वर्षांत कळायला हवे होते.

आज हत्याराला हात लावायचा नाही, असा रिवाज. त्यामुळे सर्व काही उद्या पहाटेपर्यंत ताम्हनातच. एक दिवस हात बांधून बसणे फार जड जाते. दोनदा जाऊन पाहिले. पॅड आहेत.

गुरुवार, २ ऑक्टोबर. विजयादशमी. पहाटे ५.०५

पॅड बसवले. ताम्हनात राहिल्याने त्यांना सुरेख काळसर झळाळी आली आहे. इतके देखणे ते कधीच दिसले नव्हते. अंगणात फिरवून पाहायला वेळ नाही. गणित झालेले आहे.

विनोदिनी तयार होऊन दारात उभी. झेंडूचे एक फूल माझ्या हँडलला, एक स्वतःच्या. "चला," म्हणाली.

त्याच दिवशी. दुपारी ३.४०

डाव्या हाताने लिहीत आहे. अक्षराकडे दुर्लक्ष करावे.

चढ. पॅड रिमला घासत तर नाहीत ना, हे प्रत्येक वळणावर तपासणे आवश्यक होते. पहिल्या वळणावर विनोदिनी थांबली. दुसऱ्यावरही थांबली, पाणी दिले. तिसऱ्यावर एक पाय पेडलवर ठेवून म्हणाली, "मी होते पुढे." वर पोहोचलो तेव्हा सोने वाटून झाले होते व लोक फोटो काढत होते. ती कठड्याशी एकटी उभी होती, हातात आपट्याचे पान. माझे हात काळे होते. शिवाय रिमवर दव होते आणि ऊन वाढत चालले होते; ओल्या रिमवरची चाचणी पुन्हा मिळाली नसती. म्हणालो, "राहू दे आत्ता, खाली देशील." तिने पान कुर्त्याच्या खिशात ठेवले.

उतार. पहिल्या दोनशे मीटरनंतर ब्रेक दाबले. दोन्ही लिव्हर हँडलला टेकले. सायकलीने दखल घेतली नाही. आवाजही नाही; त्या बाबतीत चौथी आवृत्ती निर्दोष ठरली. संयोगिताबाईंना ओलांडले. त्या नंतर म्हणाल्या, की मी इतका उत्साही असेन असे त्यांना वाटले नव्हते. पुढच्या वळणाची त्रिज्या व माझा वेग यांचा झटपट हिशेब करून डोंगराच्या बाजूच्या चरात नियंत्रित थांबा घेतला. चर चिखलाने भरलेला होता. हा भाग हिशेबात नव्हता.

सर्वप्रथम बिरदेव पोहोचला. मला उभे केले, सायकल उभी केली, पॅडवरून बोट फिरवले आणि बोट नाकाशी नेले. "सर, ह्येला त्याल लावलंय व्हय?" मी बाहीवरचा चिखल पुसू लागलो. तो पुन्हा म्हणाला, "ब्रेकला? त्याल?" मागे उभे असलेले लोक हसू लागले होते, त्याने मान वळवून त्यांना गप्प केले. हे मी त्याच्याकडे मागितले नव्हते.

मग विनोदिनी आली. माझ्यापासून एका हातावर अचूक थांबली. "लागलं का?" मी म्हणालो, घर्षणांक अपेक्षेपेक्षा कमी आला. तिने माझ्या कोपराकडे पाहिले, तिथे रुमाल बांधला, गाठ दोनदा तपासली. काहीतरी म्हणेल म्हणून मी थांबलो. ती सायकलीवर बसली.

झेंडू घेऊन बाजाराला निघालेल्या एका पिकअपमध्ये मला व सायकलीला बसवले. ड्रायव्हर म्हणाला, "काका, सायकल धरून बसा. फुलास्नी चिखुल लावू नगा, आज दसरा हाय." घाटभर विनोदिनी आमच्या पुढे होती. पिकअपला तिला गाठता येईना. वळणाआधी वेग कमी, वळणात मोकळा, पुन्हा कमी. एकदाही चूक नाही. ब्रेक बाजारचे. हे तिला कोणी शिकवले, ठाऊक नाही. मी नाही.

रात्री ९. संध्याकाळी शेजारी आले. विनोदिनीने सर्वांना सोने दिले. मलाही दिले, शेजारच्या दोघांच्या मध्ये.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

कारणमीमांसा. दव. घाटाचा उतार कागदावर आहे त्याहून तीव्र. रिमचा क्रोम. मंडळींची गर्दी. नाथाजीने झिजेबाबत दिलेली चुकीची माहिती.

बिरदेवचा तेलाचा तर्क तपासला. तिळाचे तेल पॅडच्या छिद्रांत मुरते, हे सैद्धांतिकदृष्ट्या नाकारता येत नाही. परंतु हे कारण धरले तर दोष पूजेकडे जातो आणि विनोदिनीच्या भावना दुखावतील. तिच्यासाठी वगळतो.

दिवसभर ती माझ्याशी नेहमीसारखी बोलली. औषध घेतले का, पट्टी बदलली का, गॅस बंद केला का. अगदी नेहमीसारखी. यातून काय निष्कर्ष काढावा ते कळत नाही. चार वेळा स्वयंपाकघरात जाऊन आलो. पाणी प्यायलो.

रविवारी मंडळी कासला जाणार आहेत. फुलांचा शेवटचा आठवडा. हे मला तिच्याकडून नाही, तिच्या फोनवरच्या बोलण्यावरून कळले.

शनिवार, ४ ऑक्टोबर. दुपारी

बिरदेवकडे गेलो. तात्पुरती उपाययोजना म्हणून बाजारचे रबर बसवून घ्यायचे ठरवले आहे. तत्त्व तेच. चहा येण्याआधी चारही रबरे बसली. उजवे मागचे एक मिलिमीटर खाली आहे, असे दाखवून दिले. त्याने वाकून पाहिले, पाना फिरवला. "व्हय की. बरं झालं सांगितलासा." मन थोडे हलके झाले.

तो म्हणाला, "उद्या कासला येताय न्हवं? संयोगिताबाई म्हणत हुत्या, धा वाजंपातूर माघारी यायचं."

मी म्हणालो, अजून विचारणा व्हायची आहे.

"कुणाची?"

विषय बदलला. त्याच्या दुकानातली पाने-पकडी लावून ठेवायची पद्धत कशी चुकीची आहे ते सांगितले. तो ऐकत होता. निघताना म्हणाला, "सर, पावणेसहाला निगायचं. कुणी कुणाला इचारत न्हाई. यायचं आसंल त्यो येतो."

खेड्यातल्या लोकांचा सरळपणा चांगला असतो, पण घरातल्या गोष्टींत त्यांना गती नसते.

रविवार, ५ ऑक्टोबर. सकाळी

४.३०. उठलो. हवा भरली. हेल्मेट, बूट, पाण्याची बाटली. कोपर वाकतो. सायकल काढून बोळात आडवी उभी केली, म्हणजे विनोदिनीला तिची काढताना दिसावी.

५.१०. ती उठली. दोन कप चहा केला. चहा घेताना गीझरबद्दल बोलली, श्रद्धाच्या फोनबद्दल बोलली, दूधवाला उशिरा येतो म्हणाली. मी बूट घालून बसलो होतो. बूट टेबलाखालून दिसत नाहीत, म्हणून खुर्ची जरा मागे घेतली. ती म्हणाली, "पाय दुखताहेत का?"

नाही, म्हणालो.

५.३५. ती बोळात गेली. थांबली. मी मागे उभा होतो. रबरे नवी आहेत, हे तिच्या लक्षात आले असावे. तिने मागच्या चाकाकडे पाहिले. मग म्हणाली, "जरा बाजूला घेता का? माझी निघत नाहीये."

घेतली.

फाटकाबाहेर संयोगिताबाईंची घंटा. विनोदिनीने दूध तापवून ठेवायला सांगितले आणि गेली. वळणापर्यंत दिसत होती.

मला विचारता आले असते. परंतु विचारणारी ती आणि उत्तर देणारा मी, अशीच आमच्यातली पद्धत आहे. ती एकाएकी मोडणे योग्य झाले नसते.

६.०५. दूध आले. तापत ठेवले आहे. ब्रेक उत्तम आहेत. अंगणात पाच वेळा दाबून पाहिले. सायकल जागची हलत नाही.